सुजाताने घेतलेली हरकत

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर उलटतपासणीच घेत आलो. नाशिकच्या कोर्टात वकिली केली. पुराव्यावाचून काही मानले नाही, आजही मानत नाही. तरीही हे लिहितो आहे, कारण जे घडले ते माझ्यासमक्ष, भर दुपारी.

माझी मुलगी सुजाता अंबडच्या एका कारखान्यात प्रेस मशीनचे प्रोग्रॅम लिहीत असे. एकदा म्हणाली, "बाबा, आत हात आहे का हे बघणारा सेन्सर बंद पडला तरी मशीनला त्यात काही चुकीचं वाटत नाही. ते चालतच राहतं. म्हणून आपणच मुद्दाम एक्सेप्शन रेझ करायचं."

"म्हणजे हरकत घ्यायची?"

"अगदी! आणि कोणी दखल घेतली नाही, तर कामकाज बंद."

त्यासाठी तिने एक्सेप्शनचा स्वतंत्र क्लास, म्हणजे प्रोग्रॅमचा एक वेगळा भाग, लिहिला होता. सेन्सरकडून उत्तर आले नाही की प्रेस थांबे, आणि पडद्यावर संदेश उमटे — "आत हात असू शकतो. मी मशीन चालू देणार नाही."

गेल्या वर्षी ती डेंग्यूने गेली... पुढे त्याच प्रेसखाली एका कामगाराची बोटे गेली. मॅनेजरने चौकशीत खुशाल सांगितले, प्रोग्रॅममध्ये तशी सोयच नव्हती, चूक सुजाताची. उत्तर द्यायला जी हयात नाही, तिच्यावर आरोप! मी अर्जांमागून अर्ज केले, तेव्हा कुठे सरकारी निरीक्षकांसमोर प्रात्यक्षिक ठरले.

सेन्सरची वायर काढण्यात आली. "या वकीलसाहेब, जवळून बघा," मॅनेजर हसून म्हणाला, "थांबतंय का तुमच्या मुलीचं मशीन!" त्याने बटण दाबले.

प्रेस निम्म्यावर येऊन थांबली. पडद्यावर सुजाताचे शब्द होते, जसेच्या तसे.

"हे कसं शक्य आहे?" मॅनेजर ओरडला. "ती ओळ तर मी स्वतः काढली होती!"

निरीक्षकांनी शांतपणे विचारले, "कोणती ओळ?"

"साहेब," मी म्हणालो, "यांचं वाक्य शब्दशः नोंदवून घ्या."

लगेच प्रोग्रॅम तपासला. त्यात ती ओळ नव्हती, तो क्लास नव्हता, संदेशही नव्हता. पुन्हा बटण दाबले, तर प्रेस धडधडत चालली.

परवा मॅनेजर दारात उभा होता. नोकरी गेली आहे, खटला उभा राहतो आहे. "काका, मी हात लावीन ते मशीन बंद पडतंय. लिफ्टसुद्धा. तिला सांगा ना, पुरे आता."

मी दार लावून घेतले. या प्रकाराचे स्पष्टीकरण मला आजही सापडलेले नाही. पण पुरे, असे मी तिला का सांगावे?