लाँग ट्यूब हेडर आणि अण्णांची खोकी

जुनी अमेरिकन गाडी घेऊन दुबईहून रुवैसला जायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल, तर आधी हे वाचा आणि मग टॅक्सी करा.

ही गोष्ट दोन हजार दोनच्या डिसेंबरातली. आम्ही तेव्हा अल कुसैसला राहायचो आणि मी जबल अलीच्या एका वेअरहाउसमध्ये डॉक्युमेंटेशन बघायचो. कायमचा मायदेशी निघालेल्या एका इंग्रज साहेबाकडून मी दोन दरवाज्यांची एक जुनी अमेरिकन मसल कार घेतली होती. लांबलचक बॉनेट, खाली आठ सिलिंडरचं इंजिन आणि मागे नावापुरती सीट. माझी बायको वैशाली तिला गाडी म्हणतच नसे, "तुझी ती वस्तू" म्हणायची.

वस्तूवर जीव होता तो आमच्या अण्णांचा. अण्णा माझे चुलतभाऊ, संगमेश्वरकडचे. रुवैसच्या रिफायनरीत एका कॉन्ट्रॅक्टरकडे ते स्कॅफोल्डिंगचे फोरमन होते आणि उभं आयुष्य कामगारांच्या कॅम्पात काढलेलं. एका ईदच्या सुट्टीत आमच्याकडे आले, खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले आणि जेवायला बोलावलं तरी उठेनात. वर आल्यावर म्हणाले, "मी नोकरी खलास करून कायमचा जाईन ना, तेव्हा एअरपोर्टला ह्याच गाडीतून सोड. दरवेळी कंपनीच्या बसमधून गेलोय, मेंढरांसारखा." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

डिसेंबरात अण्णांचा फोन आला. व्हिसा कॅन्सल, अबू धाबीहून शुक्रवारी संध्याकाळचं विमान. नेमका त्याच आठवड्यात गाडीचा मॅनिफोल्ड तडकला. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनच्या सिलिंडरांमधून येणारा धूर गोळा करून पुढच्या पाइपात सोडणारा बिडाचा तुकडा. तो तडकला की गाडी फटफट वाजते आणि गरम धुराचा वास थेट आत येतो. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या मेकॅनिक खानसाबांनी वेल्डिंग मारून दिलं. ते जबल अलीला पोचेपर्यंत टिकलं आणि परत येताना सुटलं.

"बीड पे वेल्डिंग नहीं टिकता, साब," खानसाब म्हणाले. आधी सांगायला काय झालं होतं, कोण जाणे. "हेडर लगाओ."

तर हेडर. बिडाच्या तुकड्याऐवजी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र स्टीलची नळी आणि त्या सगळ्या पुढे एकत्र, एवढंच. पण निवडायला बसलात की डोकं उठतं. शारजाच्या त्या गल्लीत अमेरिकन पार्ट विकणारा एक मलबारी दुकानदार होता. त्याच्याकडे माझ्या इंजिनला बसतील असे दोनच सेट होते. एक शॉर्टी, म्हणजे आखूड नळ्यांचा, इंजिनला चिकटून वरच संपणारा. दुसरा लाँग ट्यूब, पार पायांखालपर्यंत जाणारा. लाँग ट्यूबने ताकद वाढते आणि आवाज असा येतो की बिल्डिंगच्या काचा थरथरतात. पण तो खाली लोंबतो. वर रंगाचा प्रश्न वेगळाच. साधा काळा रंग दोन आठवड्यांत जळून गंजतो, सिरॅमिकचं कोटिंग टिकतं पण महाग. दुकानदार म्हणाला, "लाँग ट्यूब सिरॅमिक, इलेवन हंड्रेड लास्ट." अकराशे दिरहम, म्हणजे चौदा हजार रुपये. पाइपाला!

सल्ले तर फुकट होते. खानसाब म्हणाले शॉर्टी. वैशाली म्हणाली, "जो लावल्यावर शेजारी तक्रार करणार नाहीत तो." मुलगी म्हणाली, "बाबा, इट्स ऑलरेडी सो एम्बॅरसिंग." मी शहाणपणा करून अण्णांना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "आवाज कुठल्याचा मोठा?"

झालं. लाँग ट्यूब घेतला.

फिटिंगला गुरुवारचा अख्खा दिवस गेला. एक नळी स्टीअरिंगच्या दांड्याला घासत होती, एक स्टार्टरच्या वायरीला चिकटत होती. प्लग काढायचा तर आधी हेडर सैल करा, हेडर सैल करायचा तर गाडी उचला. ज्यांनी हे पार्ट बनवले त्यांनी आयुष्यात कधी पाना हातात धरला असेल असं मला वाटत नाही. शेवटी खानसाबांनी गाडी खाली घेतली, जमिनीवर आडवे झाले आणि हेडरच्या खाली हात घालून बघितलं. चार बोटं जागा होती.

"बैठेगा कितना आदमी?" त्यांनी विचारलं.

"मी आणि भाऊ. दोघं पुढे."

"फिर ठीक है. स्पीड ब्रेकर पे आहिस्ता."

आता गल्फमध्ये राहिलेल्या कुणीही इथे कपाळावर हात मारला असेल. मी मारला नाही. खानसाबांनीही नाही, आणि तेही दर दोन वर्षांनी पेशावरला जाणारे.

शुक्रवारी पहाटे निघालो. वाटेतल्या नोंदी तुमच्यासाठी. अबू धाबीपर्यंतचा रस्ता म्हणजे लोणी. अबू धाबी मागे पडलं की ट्रक सुरू होतात, आणि ट्रकवाला डावीकडे यायचं ठरवतो तेव्हा तो आरशात बघत नाही. डावीकडे वाळू, उजवीकडे वाळू, मधूनच तारेच्या कुंपणापलीकडे उंट. पेट्रोल पाण्यापेक्षा स्वस्त होतं म्हणून निभावलं, कारण ही वस्तू ते पाण्यासारखंच पिते. तारिफच्या पंपावर पराठा-अंडं आणि पन्नास फिल्सचा करक, म्हणजे कडक दुधाळ चहा घ्या. तिथे गाडी थंड झाल्यावर हेडरचे बोल्ट पुन्हा आवळून घ्या, कारण नवे बोल्ट पहिल्या तापण्यात सैल होतातच. मी आवळले आणि मनगट भाजून घेतलं.

आवाजाबद्दल मात्र काय सांगू! इतका संतापलेला असूनही तारिफच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला आणि मी नुसता ऐकत बसलो. छातीत घुमणारा, खोल, भरदार. अण्णा खूश होणार, या एका विचारावर मी रुवैस गाठलं.

अण्णा कॅम्पाच्या दारात इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते आणि त्यांच्या बाजूला खोकी.

खोकी! निळ्या नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलेली, चारही बाजूंनी मार्करने नाव-गाव लिहिलेली. ब्लँकेटांची वळकटी, मिक्सर, दूध पावडरचे डबे आणि मुलीच्या लग्नासाठी घेतलेला बहात्तर पीसचा डिनर सेट. कायमचा निघालेला माणूस रिकाम्या हाताने जात नाही, हे इथल्या प्रत्येक माणसाला माहीत असतं. मी स्वतः दर सुट्टीला अशीच खोकी बांधतो. आणि तरी चार बोटं मोजताना मला फक्त दोन माणसं दिसली होती.

"एवढं सगळं?" मी म्हणालो.

"एवढंच," अण्णा म्हणाले. "बाकीचं कार्गोने गेलं."

डिकी भरली, मागची सीट छतापर्यंत भरली. गाडीची शेपूट टेकली. अण्णा ऐटीत पुढे बसले, मी स्टार्टर मारला आणि कॅम्पातली माणसं बनियनवर बाहेर आली. अण्णांनी खिडकीतून हात काढून सगळ्यांना सलाम केला. आम्ही दिमाखात पहिल्या स्पीड ब्रेकरवर गेलो.

खण्ण! हेडर डांबरावर आदळला आणि आम्ही तिथेच अडकलो.

"थांब, थांब!" अण्णा ओरडले. "डिनर सेट फुटेल!"

डिनर सेट! माझे अकराशे दिरहम रस्त्यावर घासत होते आणि ह्यांना बशांची काळजी. मागे घेतली, तिरकी घातली, पुन्हा घासली. अण्णा उतरले तरी घासली. खोकी उतरवली तर मात्र अलगद गेली. त्या कॅम्पाच्या रस्त्यावर असे किती ब्रेकर होते ते मी मोजायचं सोडून दिलं.

तेवढ्यात सुट्टीवाल्यांना घेऊन एअरपोर्टला जाणारी कंपनीची बस मागे येऊन उभी राहिली. ड्रायव्हर हॉर्न मारून घाई करू लागला, "यल्ला, यल्ला!"

"अण्णा, सोपं आहे," मी म्हणालो. "खोकी बसमध्ये टाकू. तुम्ही माझ्याबरोबर."

"नाही."

"का नाही?"

"एकदा सामान नजरेआड केलं होतं. मुंबईत उतरलो तर खोकं गायब. त्यात पोरीची बाहुली होती. ती दारात उभी, आणि मी हात हलवत घरी." त्यांनी गाडीच्या छतावर हात ठेवला. "आता लग्नाचं सामान आहे. मी त्याच्याबरोबर जाणार."

मी चिडलो, विनवण्या केल्या, बसच्या मागेच राहतो म्हणून शपथ घेतली. अण्णा खोक्यांमागोमाग बसमध्ये चढले. मला रडू यायचं बाकी होतं.

मग अख्खा रस्ता मी त्या रटाळ बसच्या मागे, रिकाम्या गाडीत. ओव्हरटेक करावा तर कुणासाठी?

तारिफला बस चहाला थांबली. अण्णा करकचा कप घेऊन माझ्याजवळ आले. दार उघडून आत बसले. "बस निघेपर्यंत," म्हणाले. मी पंपाभोवती एक चक्कर मारली. अण्णा मान वळवून वळवून बसच्या डिकीवर नजर ठेवून होते, पण पंपाच्या मागे बस दिसेनाशी झाली तेवढा वेळ त्यांनी डोळे मिटले. मग हॉर्न वाजला आणि ते उतरले.

एअरपोर्टवर ट्रॉली ढकलता ढकलता म्हणाले, "बसच्या मागच्या सीटवर बसलो होतो, काच उघडून. सगळा रस्ता ऐकत आलो. एसी जातो म्हणून पोरांनी शिव्या घातल्या." मग आत गेले. माणूस आत गेल्यावर काचेपाशी उभं राहून काही दिसत नाही, तरी मी बराच वेळ उभा होतो.

घरी आलो. वैशालीने विचारलं, "बसले का अण्णा गाडीत?"

"बसले. पेट्रोल पंपाभोवती."

ती हसली नाही. "हेडर बदलून आण," एवढंच म्हणाली. दुकानदार शॉर्टी बदलून द्यायला तयारही होता. पुढच्या शनिवारी जातो, मी म्हणालो.

त्याआधीच गावाहून अण्णांचा फोन आला, एसटीडी बूथवरून. डिनर सेटची एक बशीही फुटली नव्हती. मग म्हणाले, "गाडी चालू कर."

"अण्णा, मी चौथ्या मजल्यावर आहे."

"मग खाली जा. बूथवाल्याचं मीटर पळतंय, यल्ला!"

मी चरफडत जिने उतरलो, गाडी चालू केली, ॲक्सिलरेटर दाबला आणि मोबाइल खिडकीबाहेर धरला. वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं. फोन परत कानाला लावला तेव्हा अण्णा माझ्याशी बोलत नव्हते. पलीकडे त्यांची मुलगी असावी.

"हीच ती," ते तिला सांगत होते. "एअरपोर्टला आलो ना, तो ह्याच गाडीतून."

मी गाडी बंद केली नाही. शनिवारी शारजालाही गेलो नाही.