तळाला वाळू नव्हती

मला पाण्याचं खरं भय वाटलं ते डिचोलीत, जिथे दर्याच नाही. आमच्या किनाऱ्यावर हे कुणाला सांगितलं तर हसतील. हसू देत. पेडण्याच्या किनाऱ्यावर मी पन्नास वर्षं रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली. शाळा तिसरीपर्यंत. बाकीचं सगळं जाळ्याच्या दोराला धरून शिकलो, आणि ते कमी आहे असं मला कधी वाटलं नाही.

नात सोळा वर्षांची. आमच्याकडे हल्ली फळीवर उभं राहून लाटेवरून घसरायला शिकवतात, सर्फिंग म्हणतात त्याला. ते तिनं उचललं. गेल्या वर्षी पाण्याच्या ओढीनं तिला आत नेलं. फळी सोडली नाही म्हणून वाचली. आमच्यातल्याच एका होडीनं तिला आणून काठावर ठेवली, तेव्हा ओठ निळे झाले होते. सुनेनं त्याच दिवशी फळी माळ्यावर टाकली. मला बरंच वाटलं.

मग डिचोलीकडे, बंद खाणीच्या अलीकडे, कुणीतरी लाटांचं तळं बांधलं. गोडं पाणी, आणि यंत्रानं लाट सोडायची. सून म्हणाली, "थंय भय नाय, जाऊं दे." पोर दर रविवारी जायला लागली. दसरा झाला आणि सून एका सकाळी चहा गाळता गाळता म्हणाली, "आता तयार झालां तां पोर. येत्या आयतवारी दर्यात जाऊं दे."

माझ्या हातातला पाव तसाच राहिला. म्हटलं, आयतवारच्या आधी मला ते तळं बघायचंय.

म्हापशाला बस बदलून आम्ही दोघं गेलो. तळं आतून निळ्या रंगानं रंगवलेलं. काठावर खुर्च्या, छत्र्या. पाण्यात उतरण्याआधी माझी एक सवय आहे, वडिलांनी लावलेली. बोटं बुडवायची, कपाळाला लावायची, मग जिभेला. नमस्कारही होतो आणि चवही कळते. नदीचं पाणी खाली उतरलं असलं की खार कमी लागतो, आणि त्या दिवशी मुखाजवळ ओढ वाईट असते. इथं जिभेला काहीच लागलं नाही. नळाच्या पाण्याचा तो औषधी वास तेवढा.

नात हसली. "आजो, ह्या पाण्याच्या पाया कित्याक पडतंस? टँकरान हाडलला ता."

भोंगा वाजला. तिकडच्या भिंतीपाशी पाणी फुगलं आणि लाट निघाली. नात तिथल्या फळीवर पालथी पडून, लाटेकडे पाठ करून तोंडानं मोजत होती. सातला हात मारायला लागली, नवाला उभी राहिली. मागे वळून पाहिलं नाही. पुन्हा भोंगा, पुन्हा सात, पुन्हा नऊ. प्रत्येक लाट तिथंच फुटायची, तेवढीच उंच. बघणारे टाळ्या वाजवत होते. मी वाजवल्या नाहीत. दर्याला पाठ करायची नाही, हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही सांगतात.

ती काठाला आली. "येतंस? का भियालंस?"

"कोण भिता?"

बुडत्याला काढायला काठावर एक राखणदार होता, त्यानं तरंगायचं जाकीट पुढे केलं. "तां तू घाल," म्हटलं, "मी ढोपरभर पाण्यात उभो रवतलंय." ढोपरभर पाण्यात उभा राहिलो. मग नात बघत होती म्हणून कंबरभर पाण्यात गेलो. राखणदारानं शिटी मारली ती मी ऐकली. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

लाट आली. पुढचं मी केलं नाही, माझ्या हातांनी केलं. दर्यात अंगावर लाट आली की श्वास कोंडून तिच्या खाली जायचं, दोन्ही हातांची बोटं वाळूत रुतवायची आणि तिला पाठीवरून जाऊ द्यायची. मी खाली गेलो. तळाला वाळू नव्हती. सिमेंट होतं, गुळगुळीत. नखं सरकली आणि कपाळ आपटलं. पाण्यानं मला उलटं पालटं केलं. दर्यात अंग सैल सोडलं की खारं पाणी आपोआप वर काढतं. मी अंग सैल सोडून वाट बघत राहिलो. हे पाणी मला वर काढीना. वर कुठे, खाली कुठे, कळेना. छाती फुटायला आली. एवढा दर्या सोडून मरण डिचोलीत, टँकरच्या पाण्यात, हे मनात आलं आणि मी तोंड उघडलं.

मग एकदम सगळं थांबलं. राखणदारानं बगलेत हात घालून मला उचललं. पाणी माझ्या कमरेलाच होतं.

नात धावत आली. रडत होती आणि हसतही होती. "आजो, तुज्यासाठी मशीन बंद केल्यानी!"

कपाळाला पट्टी लावून घेताना मी तिच्याकडे बघत होतो. बुडताना वाटलं नाही एवढं भय तेव्हा वाटलं. ही पोर सहा महिन्यांत काय शिकली, तर लाट मोजून येते आणि कुणी बुडत असला तर ती बंद करतात.

बसमध्ये तिला म्हटलं, "मी दर्याची सवय थंय घेऊन गेलंय आणि बुडलंय. तू थंयची सवय दर्यात नेतलंस. थंय भोंगो कोण वाजयतलो?"

"आई हो म्हणाली आसा," ती म्हणाली. हट्ट कुणाकडून आलाय ते मला विचारायची गरज नव्हती.

घरी सुनेनं पट्टी पाहिली. मी म्हटलं, न्हाणीत पाय घसरला, तिथल्या न्हाणीत. तिला खरं सांगितलं असतं तर आयतवार तिथंच थांबला असता. पण पन्नास वर्षांचा रापणकार कंबरभर पाण्यात बुडाला हेही सांगावं लागलं असतं. नातीनं माझ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिली. ते गप्प राहणं मला जास्त लागलं. चार दिवस जेवण गोड लागलं नाही. डोळा लागला की बोटांखाली सिमेंट यायचं, आणि हात माझे नसायचे, तिचे असायचे.

आयतवारी सकाळी तिघं किनाऱ्यावर गेलो. तिनं माळ्यावरून काढलेली फळी वाळूत ठेवून केस बांधायला घेतले. मी जाऊन फळीवर बसलो.

"आजो, उठ."

"उठणंय नाय." मग सुनेकडे न बघता सगळं सांगितलं. जाकीट नाकारलं ते, शिटी ऐकली ते, कपाळ कुठं फुटलं ते.

सून माझ्या कपाळाकडे बघून म्हणाली, "आणि माका न्हाणी सांगितलात, मामा." मग पोरीला म्हणाली, "आजो सांगता तसां कर. नाय तर चल घराक."

मी सांगितलं, फळीशिवाय जा. तोंड दर्याकडे. खाली जा आणि मूठभर वाळू घेऊन ये.

तिनं बोटं बुडवली, कपाळाला लावली, मग जिभेला. माझी चेष्टा म्हणून की खरंच, मला कळलं नाही. छातीभर पाण्यात गेली. पहिली लाट लहान, ती तिनं सोडली. दुसरी मोठी होती. ती तिच्यावर फुटली आणि तिथं नुसता फेस राहिला. मी श्वास धरला. त्या लाटेमागून आणखी एक आली, तीही तिथंच फुटली. हात वर करून थांबवा म्हणावं असं तिथं कुणी नव्हतं.

मग डोकं वर आलं, आणि त्याच्याही वर हात. मुठीतून वाळू गळत होती. ती काहीतरी ओरडली, वाऱ्यात ऐकू आलं नाही.

"उठा मामा," सून म्हणाली, "फळी दिया तिका."

माझे पाय कापत होते. उठलो असतो तर सुनेला दिसलं असतं.

"थांब," म्हटलं. "आणखी एकदा."