यादीत न धरलेलं कर्ज

माझं बी.एड. माझ्या लग्नाच्या यादीत धरलं गेलं. त्या बी.एड.साठी काढलेलं कर्ज मात्र कुणीच धरलं नाही. सगळा घोळ इथूनच सुरू झाला, आणि तो निस्तरता निस्तरता माझी चाळिशी आली.

माझे वडील तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारपेठेत शिवणकाम करायचे. बी.ए. झाल्यावर मला बी.एड.ला नंबर लागला, पण फी आणि वरचे पैसे मिळून रक्कम एवढी झाली, की वडिलांनी ती ऐकली आणि मशीनवरचा पाय काढून घेतला. तालुक्याच्या सहकारी बँकेत गेलो. बँकेचा माणूस म्हणाला, "पगारदार जामीनदार आणा." वडील म्हणाले, "साहेब, मशीन आहे, दुकान आहे, पेठेत विचारा कुणालाही." तो म्हणाला, "मशीन चालत नाही. पगाराची चिठ्ठी लागते." आमच्या अख्ख्या भावकीत पगाराची चिठ्ठी नव्हती. होती ती दौंडच्या मामांकडे.

हे मामा सख्खे नव्हेत. आईनं राखी बांधलेला भाऊ. दौंडला पाटबंधारे खात्यात शिपाई होते, पण कायम! त्या काळात कायम शिपायाची बँकेत जी पत होती, ती आमच्या गावातल्या चार एम.ए. झालेल्या पोरांची मिळूनसुद्धा नव्हती. मामा रजा टाकून आले, इस्त्रीचा सदरा घालून. सही करताना जीभ दाताखाली धरायची त्यांची सवय. सही झाली, बँकेसमोरच्या टपरीवर चहा झाला. वडिलांनी हात जोडले तर मामा उखडले. "आवं दाजी, हात काय जोडताय! भाची मास्तरीण झाली म्हंजी दोन वर्सात फेडून टाकंल. त्यात काय येवढं?"

मास्तरीण झाले मी. निमोण्याच्या बाजूला एका विनाअनुदानित शाळेत. ज्यांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: विनाअनुदानित म्हणजे शाळा खरी, पोरं खरी, खडू खरा, पगार तेवढा खोटा. संस्थेचे अध्यक्ष महिन्याला जे मानधन म्हणून हातावर टेकवायचे, त्यातलं निम्मं जीपच्या भाड्यात जायचं. "बाई, अनुदान आलंच समजा," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा शाळेत प्रार्थनासुद्धा झाली नसेल. सुरुवातीला मी थोडेथोडे हप्ते भरले. मग ते व्याजालाही पुरेनात. मग भरणंच बंद पडलं. अनुदान आलं की एकदम फेडू, असं आम्ही सगळेच म्हणत राहिलो.

त्यात माझं लग्न ठरलं, शिरूरला. आमच्याकडे लग्नाआधी बैठक बसते, आणि काय द्यायचं, काय घ्यायचं, मांडव कुणाचा, मानपान किती, ते सगळं कागदावर लिहितात. त्याला याद म्हणतात. मी आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत होते. सासरकडचे एक वडीलधारे म्हणाले, "मुलगी बी.एड. हाय. उद्या पर्मनंट व्हनार. तवा हुंड्याचं आपन जास्त ताणायचं न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. हुंडा कमी झाला. वडिलांचा जीव भांड्यात पडला. ह्याच वेळी त्यांनी सांगायला पाहिजे होतं, की ह्या बी.एड.वर बँकेचं कर्ज आहे. नाही सांगितलं. सोयरीक मोडेल म्हणून घाबरले. आणि सासरच्यांनी विचारलं नाही, कारण शिक्षणाला कर्ज असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. कर्ज असतं ते जमिनीला, मोटरीला, म्हशीला. पोरीच्या डिग्रीला कर्ज? असलं कधी कुणी ऐकलं होतं?

लग्न होऊन वर्षही झालं नसेल, बँकेची पहिली नोटीस शिरूरच्या पत्त्यावर आली आणि घरात शिमगा झाला. सासूबाई म्हणाल्या, "लग्नाआधीचं कर्ज माहेरचं." वडिलांना बोलावून घेतलं. ते खाटेच्या कडेवर टेकले. शिरूरला आले की ते कधी पुरते बसायचेच नाहीत. म्हणाले, "इहीनबाई, डिग्री तुमच्या घरात आली. पगार तुमच्या घरात येणार. मग कर्ज आमचं कसं?" सासूबाई कडाडल्या, "कुठला पगार? दाखवा मला पगार! जीपच्या भाड्याला मी पैसे देते हिला!" खोटं काहीच नव्हतं त्यात. वडिलांचंही बरोबर, सासूबाईंचंही बरोबर. नवरा रांजणगावच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, तो म्हणाला, "बघू." ह्या "बघू"चा मला आयुष्यभर राग येत आलाय. बघू म्हणजे काही होणार नाही, आणि विचारलंस तर तूच भांडकुदळ.

मी काही कापडाचा तागा नव्हते, की इकडे धरायचं की तिकडे फाडायचं ते दुसऱ्यांनी ठरवावं. पण तेव्हा तोंड उघडलं नाही. नोटिशी येत राहिल्या, आल्या तशा कपाटात गेल्या. मग त्या यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, बँक कंटाळली असेल. डोंबल! बँक कधी कंटाळते होय?

पुढं काही वर्षांनी, एका जूनमध्ये, मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, "बाई, तुमच्याकडं कोण पाव्हनी आलीय." बाहेर कडुनिंबाखाली मामी उभ्या, दौंडच्या मामांच्या बायको. दौंडहून एसटीनं, मग जीपनं, मग फाट्यापासून उन्हातून पायी. मी पाणी आणलं. त्यांनी हातात घेतलं नाही.

"पगार कापत्यात ह्यांचा," मामी म्हणाल्या. "तुज्या कर्जापायी. बँकेचं पत्र थेट हापिसात गेलं. लई दिस झालं कापत्यात. ह्यांनी घरात सांगितलंच न्हाई. आता पोरगी नर्सिंगला लागली, यादीत नाव आलं, म्हनून कर्ज काढायला गेलो, तर बँकवाला म्हनतो, तुमच्या मालकाचं नाव थकबाकीत हाय. तुमाला कर्ज मिळनार न्हाई. तवा कुठं ह्यांनी तोंड उघडलं."

मामी रडत नव्हत्या, ओरडतही नव्हत्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"तू मास्तरीण झालीस, लई आनंद हाय," त्या म्हणाल्या. "आता आमची पोरगी नर्स व्हऊ दे. म्हैनाभर मुदत हाय फी भरायला. तेवढ्यात ते कर्ज मिटव कसं बी. मी कवा काय मागितलं न्हाई तुज्याकडं."

पुढचा महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. अध्यक्षांकडे गेले, मागचं राहिलेलं मानधन तरी द्या म्हणाले. त्यांनी चहा पाजला. "बाई, अनुदान आलं की तुम्हीच आम्हाला पेढे द्याल," असं म्हणून हसले. तो कप त्यांच्या अंगावर ओतावासा वाटला. बँकेत गेले, म्हटलं मामांचं नाव काढा, दुसरा जामीनदार देते. साहेब म्हणाले, "आणा." आणणार कुठून? आमच्या स्टाफरूममधल्या सगळ्यांच्या डिग्र्या काढल्या असत्या तर भिंत झाकली गेली असती, पण बँकेला चालेल अशी एक पगाराची चिठ्ठी निघाली नसती. वडिलांची नजर तोवर अधू झाली होती, शिलाई सुटत चालली होती. त्यांनी गळ्यातला टेप काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मला विकून पैसे येत असतील तर बघ." सासूबाईंना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "त्यांच्या पोरीचं वाईट वाटतं गं. पण यादीत होतं का ते?"

महिना संपला. फीची मुदत गेली. पोरीची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली असणार. मी दौंडला गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते?

अनुदान आलं, पण त्यानंतर दोन वर्षांनी, आणि तेही टप्प्याटप्प्यानं. पहिला खरा पगार झाला त्या दिवशी घरात कुठं फ्रीज, कुठं मोरीला फरशी, असली बोलणी सुरू झाली. तेव्हा मात्र मी तोंड सोडलं. "हा पगार ज्या डिग्रीचा आहे, ती अजून बँकेची आहे," मी ओरडले. "आधी बँक, मग फ्रीज. कुणाला पटत नसेल त्यानं मला माहेरी नेऊन सोडावं!" सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. नवऱ्यानं "बघू" म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहून मिटलं.

मूळ रकमेपेक्षा व्याज जास्त झालं होतं. ते फेडायला पुढची काही वर्षं गेली. बँकेतून बेबाकीचा दाखला मिळाला, तेव्हा मला हसू आलं नाही की रडू. नुसती भूक लागली. मग मामांच्या पगारातून जेवढे कापले गेले होते तेवढे जमवायला आणखी वेळ गेला. ते जमले, तशी मी न्हावऱ्यावरून दौंडची एसटी पकडली.

मामा आता रिटायर झाले होते. दारात बसले होते, मला बघून धडपडत उठले. "अगं ये, ये! येवढ्या उन्हाची?" पैशाचं पाकीट काढलं तर दोन्ही हात मागं घेतले. "भाचीकडनं कुनी पैसं घेतं व्हय? लोकं शेन घालतील तोंडात. ठिव ते." मामी चुलीकडेच तोंड करून बसल्या होत्या. मी पाकीट पुढं करत होते, मामा मागं सारत होते. असं आमचं चाललं असताना त्यांची मुलगी कामावरून आली. कुरकुंभच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. अंगात कंपनीचा निळा कोट, कपाळावर टोपीचा वळ.

"घ्या आबा," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "ते आपलंच हायेत."

मामांनी घेतले. मला बरं वाटलं, आणि त्या भरात मी तिला म्हणाले, "नर्सिंगला अजून वय गेलं नाही तुझं. कर्ज काढ. मी जामीन राहते. आता माझी पगाराची चिठ्ठी पक्की आहे." सांगताना मला अभिमानच वाटत होता, खोटं कशाला बोलू.

ती माझ्यासमोर खाली बसली.

"नगं ताई," ती म्हणाली. "जामीन ऱ्हायलं की मानूस गप बसतं. आबांना बघितलंय आमी. दिवाळीला कापडं न्हाईत, तरी गप. आईनं पगार कुठं जातो म्हनून घर डोक्यावर घेतलं, तरी गप. भाऊबीजंला तळेगावला जायचं बंद केलं त्यांनी. मी इचारलं का, तर म्हनले, भाचीला वाटंल पैशासाठी आला." तिनं कपाळावरचा वळ चोळला. "आन् तुमी पन जामीन ऱ्हाऊन तशाच गप बसनार माज्यासाठी. नगं. मी साठवतीया पैसं. जमलं तर जाईन, न्हाईतर ऱ्हाईन हितंच."

मामा म्हणाले, "ए, गप की. पाव्हन्या मानसाला असं बोलत्यात व्हय?"

भाऊबीजेला मामा यायचे थांबले, तेव्हा आई म्हणायची, भाऊ मोठा झाला, बहिणीला विसरला. मीही तेच म्हणत होते. आई गेली तीही तोच राग मनात धरून गेली. हे मी मामांना सांगू शकले नाही. मामींनी चहा दिला. मी तो प्यायले, पाया पडले, निघाले. दौंडच्या स्टँडवर मला इतकं रडू आलं, की शेजारच्या बाईनं विचारलं, कुनी वारलं का?

घरी पोचले तेव्हा सासूबाई दारातच होत्या. आता त्याही थकल्या होत्या, माझ्याशी मायेनं बोलायच्या. म्हणाल्या, "फिटलं का गं एकदाचं सगळं?"

"बँकेचं फिटलं," मी म्हणाले.