दवाखान्याच्या दारात बसून निवडलेली डॉक्टरीण

अर्नाळ्याच्या मथुरेची आरोळी एकेकाळी निर्मळच्या नाक्यावरून पार केळीच्या वाड्यांत पोचायची. "घ्या गोऽऽ, जित्ती मांदेलीऽऽ" ऐकलं की बाया हातातलं काम टाकून ताटली घेऊन निघत. पण गेली काही वर्षं ती मासळीच्या पाटीपुढे गपगुमान बसायची. गिऱ्हाईक आपणहून आलं तर आलं. शेजारी बसणारी हेलन दोन आरोळ्यांत पाटी रिकामी करायची आणि वर टोमणा मारायची, "मथुराबाय, मुकं मावरं कोन घेनार गो?"

मथुरा हसण्यावारी न्यायची. खरं कारण तिच्या लुगड्यात होतं. धाकट्याच्या वेळी सव्वा महिना व्हायच्या आत तिनं डोक्यावर पाटी घेतली होती, तेव्हापासून तिचं अंग बाहेर यायचं. आधी कधीमधी, मग रोज. आतून फडक्याची घडी लावायची, वरून कासोटा आवळायचा आणि धंद्याला निघायचं. चालणं जमायचं, बसणंही जमायचं. पण पोटातून आरोळी दिली की सगळं खाली उतरायचं. म्हणून आरोळीच बंद. नवऱ्याला, हिरामणला, वाटायचं बायको वयानं निवळली.

सुनेला मात्र कळलं. वळचणीला, जाळ्याच्या आडोशाला वाळत घातलेली फडकी रिद्धीनं पाहिली आणि सरळ विचारलं, "आई, ही कसली हो?"

मथुरेनं आधी शिव्या दिल्या, मग रडली, मग सांगितलं.

"अहो, मग डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"गेलती एकदा. मान वर न करता म्हनली, पिशवी काढून टाका नि धंदा बंद करा. धंदा बंद करून काय करू? किनाऱ्यावर बसून लाटा मोजू?"

रिद्धीनं मोबाइल काढला. "ही बघा, आचोळ्याची. पावणेपाच स्टार आहेत."

"ते तारे कोनी लावले?"

"पेशंटनी."

"तू त्यांची तोंडं बघितलीस?"

"तोंडं कशी दिसतील आई, फोनवर?"

"मंग ऱ्हाऊ दे. दुसऱ्याच्या पाटीवरून उठलेल्या बाईचं तोंड बघितलं की मना कळतंय, तिला मावरं गावलं का नुसताच बरफ गावला. डॉक्टरीन पन तसंच बघतंय."

दुसऱ्या दिवशी मथुरा आचोळ्याच्या त्या काचेच्या दवाखान्यासमोर पाटी लावून बसली. जड पाटीचा एक कान रिद्धीनं धरून आणला होता. ती ओढणीत तोंड लपवून बाजूला उभी.

"आई, लोक बघतायत."

"बघू दे. बघता बघता घेतील."

आतून एक पोरगी फाइल घेऊन आली. मथुरेनं तिला मांदेली दाखवता दाखवता विचारलं, "काय सांगितलं गो आत?"

"सोनोग्राफी सांगितली."

"कशाला?"

"काय माहीत. विचारायच्या आधी पुढचा नंबर आला."

दुसरीला गोळ्या मिळाल्या होत्या. कशाच्या, ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिसरी म्हणाली, "मावशी, मी बोलतच होते, तर ती म्हणाली, ते सोडा." मावरं संपलं तशी मथुरा उठली. "चल. इथं नुसता बरफ हाय."

मग तिसऱ्या दिवशी नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, कळंबच्या रस्त्याकडे, डॉक्टर केनींचा दवाखाना. काच नाही, एसी नाही, चपला ठेवायला लाकडी फळी. मथुरा फळीच्या बाजूला बसली. एक जाडजूड बाई पायऱ्या उतरून आली आणि मासळीचा वाटा मागायला लागली.

"काय म्हनली डॉक्टरीन?"

बाईनं पाटीतलं एक पापलेटच उचललं. "ही पिशवी समजा. हिच्या या अंगाला गाठ आहे, सुपारीएवढी. साधी आहे. आज काढायची नाही. सहा महिन्यांनी परत बघायची. अंगावरून जास्त गेलं, तर थांबायचं नाही, लगेच यायचं."

मथुरा बघतच राहिली. "तुला एवढं कसं गो ठाऊक?"

"ती सोडतच नाही ना! सगळं सांगून झालं की म्हणते, आता तुम्ही मला सांगा, काय समजलं. चुकलं तर पुन्हा सांगते. शाळाच आहे!"

मागून एक म्हातारी आली. तिलाही सगळं सांगता आलं, वर तिनं पापलेटचा भावही पाडला. मथुरेनं पाटीवर ओलं फडकं टाकलं. "रिद्धी, नंबर लाव. हीच माजी डॉक्टरीन."

आत केनी डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "काय होतंय?" मथुरा बोलायला लागली ती थांबेचना. बाळंतपण, पाटी, फडकी, हेलनचे टोमणे, सगळं बाहेर पडलं. डॉक्टर मध्ये बोलल्या नाहीत. मग तपासलं. खोकायला लावलं, जोर द्यायला लावलं.

"पिशवी खाली उतरलीये. दोन रस्ते आहेत. ऑपरेशन, नाहीतर आत रिंग बसवायची. ती पिशवीला खालून आधार देते. ऑपरेशनची आज घाई नाही. तुम्हाला काय हवंय?"

"मना ओरडायचं हाय."

डॉक्टर हसल्या नाहीत. "मग रिंग बसवून बघू."

मापाची रिंग बसवली, थोडं चालवलं, पुन्हा खोकायला लावलं. "काही टोचतंय? खाली उतरतंय?"

"नाय."

"मग ओरडा."

"इथं?"

"इथं नाही ओरडलात, तर मला कसं कळणार?"

मथुरेनं पदर खोचला, छाती भरली आणि इतक्या वर्षांची तुंबलेली आरोळी सोडली. "घ्या गोऽऽ, जित्ती मांदेलीऽऽ!" कपाटातल्या बाटल्या किणकिणल्या. बाहेरच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "कशी दिली?" मथुरेनं खाली हात लावून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. ती हसली आणि त्याच हसण्यात तिचे डोळे भरले.

"आता तुम्ही मला सांगा," डॉक्टर म्हणाल्या.

मथुरेनं घडाघडा सांगितलं. पाटी एकटीनं उचलायची नाही, जड तर मुळीच नाही. सांगितलेला व्यायाम रोज करायचा. दिलेल्या तारखेला रिंग दाखवायला यायचं. रक्त दिसलं, दुखलं, लघवी अडली तर तारखेची वाट बघायची नाही.

पुढच्या बाजाराला निर्मळच्या नाक्यावर आरोळी उठली. सायकलवरून केळी नेणारा एक जण दचकून पाय टेकून थांबला. वाड्यांतून बाया ताटल्या घेऊन निघाल्या आणि हेलनची पाटी भरलेली असताना मथुरेची रिकामी झाली.

हेलन तिच्या बाजूला सरकली. आज टोमणा नव्हता. तिनं हळूच विचारलं, "तू काय केलंस गो? मना पन... कासोट्यात फडकं हाय."

मथुरेनं तिच्याकडे पाहिलं. दोन आरोळ्यांत पाटी विकणारी हेलन घरी जाऊन दुपारभर का आडवी पडते, ते तिला आत्ता कळलं.

"कवापासून?"

"मार्सेल झाला तवापासून."

"नि मना मुकी म्हनत होतीस, रांडे!" मथुरा उठून उभी राहिली. नाक्यावर मावरं विकणाऱ्या बायांची रांग तिनं एका नजरेत घेतली. हेलननं तिचा पदर ओढला, "हळू बोल, बाप्ये हायेत." पण इतकी वर्षं हळू बोलून मथुरा कंटाळली होती.

"ऐका गोऽऽ!" रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. "जिचं अंग बाहेर येतंय, तिनं उद्या माज्यासंगं चलायचं! चांगली डॉक्टरीन हाय, मी दारात बसून पारखलीय!"

मग रांगेच्या शेवटून एक हात वर आला. मग मधून एकामागून एक चार. मग हेलनचा.

दुसऱ्या दिवशी मावऱ्याच्या टेम्पोतून पाटीशिवाय सात बाया नालासोपाऱ्याला उतरल्या. चपलांच्या फळीवर जागा उरली नाही. कंपाउंडर बाईनं विचारलं, "पहिला नंबर कोणाचा?" आणि किनाऱ्यावर लिलावात एकमेकींना कोपरं मारून पुढे घुसणाऱ्या त्या सगळ्या एकदम लाजून मागे सरल्या.

मथुरेनं हेलनला पाठीवर थाप मारून पुढे ढकललं. "हिचा लाव. मार्सेलची आई."