कॉलेजचं कुंपण आणि गंगाक्काच्या दोऱ्या

मैत्रिणींनो, हे पत्र वाचून झालं की शेजारणीकडे पाठवा. आज सकाळचीच गोष्ट आहे.

आपले कपडे धुणारी गंगाक्का दारात रडत उभी होती. ओढ्याकडच्या माळावर तिच्या सासूच्या काळापासून कपडे वाळतात. तिथं कॉलेजनं वसतिगृहासाठी तारेचं कुंपण घातलंय.

मी तिच्यासोबत गेले. कुंपणाचं काम बघणारा मुकादम हसून म्हणाला, "शाळंतून रिटायर झालासा न्हवं बाई, आता तरी छडी ठेवा. जागेचा कागद हाय का?"

गंगाक्का म्हणाली, "कागद न्हाय, अण्णा. तुमी जागा मोजायला आलतासा तवा मीच दोऱ्या सोडून दिल्या, ताकबी पाजलं. मला वाटलं, आमाला घाट बांधून देताय."

मुकादमाचं हसू गेलं. मी म्हटलं, "पोरांसाठी खोल्या बांधताय, त्यांची धोतरं कुठं वाळवायची? तुमच्या डोक्यावर?"

"सायबास्नी इचारा, बाई."

विचारणारच आहे. पण कॉलेज वाढावं म्हणून सह्या गोळा करत मीच फिरले होते आणि तुम्हीही आनंदानं सह्या केल्यात. त्या माळावर कोण राबतं, हे आपल्यापैकी एकीनं तरी विचारलं होतं का?

उद्या दहाला मी प्रिन्सिपलांकडे निघते. गंगाक्कासोबत कोण कोण येतंय?