तार ओढली ती तिसऱ्या दिवशी

सुनंदाचा फोन सकाळीच आला. "काका, बाबा गेले," एवढंच ती बोलली. दिनू जाधव गेला. माधवगंजातला माझा शेजारी, बरोबर पतंग उडवणारा, बरोबर मॅट्रिकला बसून एकटाच नापास होणारा आणि पुढे लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान काढून ग्वाल्हेरच्या अख्ख्या लष्कर भागात ओळखला जाणारा दिनू. तेराव्यानंतर मोहल्ल्याने शोकसभा ठेवली. मी जन्मभर भोपाळला सरकारी नोकरी केलेला, चार शब्द नीट बोलेन म्हणून मला उभं केलं. मी दिनूची ती तार ओढल्याची गोष्ट सांगितली, नेहमीसारखी रंगवून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या पडाव्यात याचं मला तेव्हा बरंच वाटलं. आता त्याची लाज वाटते, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

गोष्ट राज्यांची फेरमांडणी चालली होती तेव्हाची. संस्थान आधीच विलीन झालेलं, आता मध्य भारत राज्यही मोडणार आणि राजधानी भोपाळला जाणार. ग्वाल्हेरची कचेरीन् कचेरी बांधाबांध करत होती. माझ्यासारख्या नव्या कारकुनाला बदलीचा हुकूम आला होता, दुकानदारांना गिऱ्हाईक तुटायची भीती होती. शहर चिडलेलं होतं आणि चिडायचं कुणावर ते कळत नव्हतं. अशात एक बाबाजी प्रवचनाला आले. त्यांचं नाव मला आठवतं, पण ते इथे घेणार नाही. त्यांचा आवाज गोड होता, गोष्टी रंगवून सांगत, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेपटाला विष. लाउडस्पीकर अर्थातच दिनूचा. मंचाच्या बाजूला मशीनपाशी दिनू आणि त्याचा भागीदार शफी. शफीचा हात त्या मशीनवर असा बसलेला की भोंग्याने कधी शिट्टी म्हणून मारली नाही.

पहिल्या संध्याकाळी बाबाजी मुसलमानांवर घसरले. "बाहर से आये थे, अब बोरिया-बिस्तर बाँधें और जायें," म्हणाले, आणि बोरिया-बिस्तर बांधायची नक्कल करून दाखवली. मंडप हसला. हसणाऱ्यांत मीही होतो, नक्कल चांगली होती. दुसऱ्या दिवशी तेच, जरा जास्त तिखट. 'बाहरवाले' हा शब्द ते पुन्हा पुन्हा घेत होते आणि आमची मराठी मंडळी माना डोलवत होती. याला काय म्हणावं? आमच्यातल्या प्रत्येक घरात पाहुण्याला चहाआधी मूळ गाव ऐकवायची पद्धत. कुणी साताऱ्याकडचे, कुणी वाईचे, कुणाचे पूर्वज फौजेबरोबर आलेले, कुणाचे पूजेअर्चेला. दक्षिणेतून आलो हे मिरवण्यात आमच्या पिढ्या गेल्या, आणि 'बाहेरचे' म्हणजे आपणही असू हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ते बाबाजींनीच लक्षात आणून दिलं. त्या दिवशी त्यांची गाडी आमच्यावर आली. "और ये दक्खिनी! राज गया, राजधानी गयी, अब इनका यहाँ क्या है? ये भी बाँधें अपना बोरिया-बिस्तर।" नक्कल तीच केली. या खेपेला आमच्या रांगांत कुणी हसलं नाही. मागून मात्र थोडे हसले, तेही ऐकू आलं... आणि भोंगा बंद पडला. दिनूने तार ओढली होती. बाबाजींचं तोंड हलत होतं, हातवारे चालू होते, आवाज नाही. ते इतकं हास्यास्पद दिसलं की सगळा मंडपच हसत हसत उठला. दुसऱ्या दिवशी माधवगंजातले मराठी, हिंदी, मुसलमान, सगळे दुकानदार एकत्र बसले आणि ठरलं की या माणसाला कुणी सतरंजीसुद्धा द्यायची नाही. बाबाजी गाव सोडून गेले. त्या वर्षी मोहरमच्या ताजियांच्या वाटेवर मराठी घरांनी सरबताचे माठ मांडले. फाळणीपासून ती रीत बंदच पडली होती.

म्हणजे त्या माणसाने आम्हाला एक केलं, हे खोटं नाही. भोपाळला मी ही गोष्ट किती बैठकींत सांगितली असेल. शेवटी म्हणायचो, बाबाजींचे उपकारच झाले आमच्यावर, आग लावायला आले आणि चूल पेटवून गेले. लोक खूश होत. दिनू मात्र समोर असला की पान आणायच्या निमित्ताने उठायचा. एकदा माझ्या नव्या जावयासमोर मी सुरू झालो, तर दिनू म्हणाला, "आधीचे दोन दिवस पण सांग ना, पंडत."

"त्यात काय सांगायचं?"

"तेच. तू फालतूमधे माझी तारीफ नको करत जाऊस. तो आपल्यावर आलाच नसता, तर मी तार ओढली असती का? सांग ना. मशीनवाल्याला कान नसतात, आवाज बघायचा, शब्द नाही, असं दोन दिवस म्हणत बसलोच होतो ना मी."

मी हसून जावयाला म्हणालो, "बघा, मोठी माणसं अशी असतात." दिनूच्या शरमेला मी आयुष्यभर विनय समजत आलो. एवढी शाळा शिकून माझी अक्कल ही.

शोकसभेनंतर मी शफीभाईंकडे गेलो. निवृत्तीनंतर मी परत ग्वाल्हेरलाच, दर्पण कॉलनीत राहतो, माधवगंजात जाणं कमीच होतं. दुकान आता नुसतं दुरुस्तीचं उरलं आहे. शफीभाईंना कमी ऐकू येतं, तरी रोज येऊन बसतात. शोकसभेतही ते मागे बसले होते, त्यांनाही टाळ्या वाजवताना मी पाहिलं होतं. इतक्या वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते मी विचारलं. पहिले दोन दिवस तुम्ही ते सगळं ऐकत मशीनपाशी बसून कसे राहिलात? उठून का नाही गेलात?

ते थोडे वैतागलेच. "उठते कैसे, भैया? हम उठते तो सबको दिखता कि मुसलमान उठा। दो दिन हम यही देखते रहे कि पहले तुममें से कोई उठे।" मग हातातला स्क्रू पिळायचा पेचकस खाली ठेवून म्हणाले, "दिनू ने भी पूछा था एक बार। उससे भी यही कहा। उसके बाद उसने वो किस्सा अपने मुँह से कभी नहीं सुनाया। हमने तो उसे कब का माफ़ कर दिया था। पर वो माना नहीं।"

त्यांनी समोरचं स्टूल फडक्याने पुसलं आणि माझ्याकडे सरकवलं. दिनूचं स्टूल, बसून बसून मधे खोलगट झालेलं. तो गेल्यापासून त्यावर कुणी बसलेलं नाही, असं पोऱ्याला चहा सांगता सांगता ते म्हणाले.

"बैठो, भैया," ते म्हणाले. चहा येईपर्यंत तीनदा म्हणाले. मला बसवेना.