फुलीचे दगड
भिजवलेल्या चुन्याचा वास आला की मला राजूरकडची ती चुनखडीची खदान आठवते आणि डोकं तापतं. कॉलेजच्या मॅडमनी तिथं आम्हाला कापलेल्या कांद्यासारखी वलयं असलेले दगड दाखवले होते. पृथ्वीवर झाड नव्हतं, प्राणी नव्हता, तेव्हा इथल्या उथळ समुद्रात डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांनी गाळ धरून ते थर रचले, आणि अशाच जीवांनी सोडलेल्या प्राणवायूनं सगळी हवा बदलली. आपला श्वास चालतो तो त्यांच्या जिवावर! हे दगड वाचवा म्हणून आम्ही पत्रकं वाटली, उन्हात घोषणा दिल्या, तेव्हा कुठं एक सरकारी साहेब जीपमधून आले. त्यांनी वलयांच्या दगडांवर लाल फुल्या मारून घेतल्या, "आता यांना कोणी हात लावणार नाही" म्हणाले, चहा प्याले आणि गेले. खदानीतल्या एकाही माणसाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहतो तर जागा साफ, आणि पलीकडे चुन्याच्या भट्टीचा पांढरा धूर. मी दगड भरणाऱ्या काकांवर ओरडलो, तर तेच उसळले, "माह्यावर कायले भडकून राह्यला बाप्पा? फुलीचा दगड पह्यले भट्टीत जाते, खदानीची रीतच हाय. तुह्या सायबानं मले इचारलं काय?" साहेबांना गाठलं, तर ते शांतपणे म्हणाले, "आम्ही खुणा केल्या होत्या." आजही सभेत ते हेच सांगतात. केल्या होत्या ना साहेब! म्हणून तर तेच दगड आधी जळले.